जुन्यांचे नऊ दिवस

नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
हे जुन्यांचे होते.

टाम्पेरे शहरानं जूनच्या अखेरीस
ट्रामची दारं दोन सेकंद उशिरा मिटवायला सुरुवात केली.
झेंडे, बँड, महापौरांचं भाषण, तेही झालं.
पण खरं स्वागत ते दोन सेकंद.

माझं टेबल स्टेडियमच्या जिन्याखाली.
पाटी : हरवलं-सापडलं.
एरवी मी डेपोत बसतो,
तिथं हातमोजे येतात, बहुतेक डावे.
इथं पहिल्या संध्याकाळपर्यंत
वाचायचे चष्मे एकवीस,
कानाचं एक यंत्र, डबीतही बारीक शिट्टी वाजवणारं,
आणि तलावाच्या तळातून
खालची कवळी.
तिच्यासाठी तिघं आले.
तिघांनी लावून पाहिली.
तिसऱ्याचा चेहरा एकदम भरला, आणि तो
पोर्तुगीजमध्ये मला काहीतरी
फार स्पष्ट बोलला.

रात्री अकरालाही ऊन.
आठला झोपणारी माणसं
नदीकाठी काळं सॉसेज खात बसलेली,
एकमेकांना ऑपरेशनच्या खुणा दाखवत,
जशी पोरं गोट्या दाखवतात.
समोरच्या औषधाच्या दुकानात तिसऱ्या दिवशी पाटी लागली,
चार भाषांत :
गुडघ्याचे पट्टे संपले.

मला शर्यती दिसत नाहीत.
जिन्याखाली फक्त ऐकू येतं.
तरुणांचे शंभर मीटर मान वर करेतो संपतात.
पंच्याऐंशीच्या पुढच्या बायकांचे शंभर मीटर
ऐकता ऐकता मी कपातली कॉफी संपवली, कप विसळला,
आणि अजून पावलं येत होती,
एक, मग दुसरं, मग
फळ्यांमधून रजिस्टरवर धूळ पडली
तेव्हा कळलं, वर सगळे उभे राहिलेत.

पाचव्या दिवशी सफाईवाल्या नासरानं
एक काठी आणून दिली.
जुनिपरची. खालचं रबर डाव्या बाजूनं झिजलेलं.
"ही विसरून माणूस गेलं कसं?"
आम्ही हसलो.
मग ती झाडू घेऊन गेली आणि मी बराच वेळ
'वस्तूचे वर्णन' या रकान्यापुढे बसून राहिलो.

वडिलांना फोन केला. या बघायला.
म्हणाले, म्हातारे बघायला
घरात आरसा आहे.

तरी आठव्या दिवशी आले.
वर गेले नाहीत.
माझ्या खुर्चीत बसले, काठी मांडीवर घेतली,
गाठीवरून अंगठा फिरवत राहिले.
तेवढ्यात एक बाई आली, पायात स्पाइक्स,
लेइडा, एस्तोनियाची,
पाठीवरचा नंबर अजून तसाच.
वडिलांना म्हणाली, तुमची का ही?
नाही नाही, ते म्हणाले,
चोरी पकडल्यासारखे, आणि काठी पुढे केली.

माझीही नाही, ती म्हणाली.
ह्योर्डीसची आहे. आइसलंडची.
मला दोन दशांशांनी हरवलं आणि
आनंदात तशीच विमानतळावर गेली.
मी नेते. पुढच्या खेळांना देईन.

पुढचे खेळ कधी?

चार वर्षांनी.

ती अठ्ठ्याऐंशीची. ती ह्योर्डीस, म्हणे, नव्वदीची.
नियमानं मी वस्तू तीन महिने ठेवतो.
चार वर्षांसाठी रकाना नाही.
लेइडानं समासात लिहिलं, तारखेसकट,
खाली सही. अक्षर सरळ.
काठी खांद्यावर टाकून गेली,
न टेकता.
वडील चष्मा शोधत होते;
त्या एकवीसांतला एक उचलून त्यांनी
ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.
काही बोलले नाहीत.
चष्मा मात्र घालूनच घरी गेले.

दहाव्या दिवशी ट्रामची दारं
पूर्वीसारखी फटकन मिटू लागली.
एका मुलाची बॅग अडकली, त्यानं शिवी दिली.
मी डेपोत परतलो, डावे हातमोजे, एक छत्री.
दुपारी फोन वाजला.
इकडचं तिकडचं बोलून वडिलांनी विचारलं,
ते गुडघ्याचे पट्टे
कुठल्या दुकानात मिळतात म्हणालास?

मी खाली जाऊन पाहून आलो.
पाटी अजून काढली नव्हती.