हत्तेती

साठावर काटा धरून ठेवायचं बटण
दिवाळीपासून माझं ऐकेना.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा, म्हणजे जागं होतं ते,
पण सेट दाबलं की ढिम्म.

खानापुरात भरलेल्या एकशे वीस कुंड्या
पिंजारात निजवून निपाणीच्या नर्सरीपर्यंत न्यायच्या,
टवका न उडता,
तर चाल एकसारखी हवी.
माझा उजवा गुडघा आता एकसारखा राहिलेला नाही.

बाळेश हुक्केरीचं गॅरेज मच्छेत, रस्त्याला लागून.
त्यानं आधी फ्यूज काढून उन्हाकडे धरला.
तार शाबूत.
"हॉर्न मारा बघू अक्का."
मारला. टायरांवर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.
"स्टेअरिंगच्या पोटातली गुंडाळी बरी हाय की मग."
क्लचच्या दांड्याखाली हात घातला. टिक.
तेही बोललं.

मग नुसता बसून राहिला,
अर्धं मराठीत, अर्धं कानडीत पुटपुटत,
आणि जिथे दोन्ही पुरल्या नाहीत
तिथे पान्यानं पत्र्यावर ठोकत.

"दस्तगीर, मागं जाऊन उभा ऱ्हा. अक्का, ब्रेक दाबा."
मागून आवाज: "हत्तेती!" पेटलाय.
"सोडा."
"हत्तेती!"
"सोडा म्हणालोय."
सोडलाच होता. पाय वर घेऊन
मी सीटवर मांडी घातली.
"हत्तेती!"
उतरले. दार लावलं. गाडीत कुणी नाही,
आणि दस्तगीरच्या बनियनवर
मागच्या दिव्याचा लाल डाग.

निलजकर आठवला, दुधाच्या टेम्पोवाला.
पहाटे माझ्यामागे असतो रोज.
संकेश्वरच्या चहाला एकदा म्हणाला होता,
"बाई, वंटमुरीचा घाट सगळा ब्रेकवरच काढालाय तुम्ही.
उतरताना ठीक. चढतानाबी?"
चहा तसाच ठेवून निघाले होते मी.
बायकांच्या गाडीमागे पुरुष जे म्हणतात
त्यातलंच ते, असं धरून चालले होते.
दोनदा सकाळी बॅटरी बसली,
तेव्हा थंडीला शिव्या दिल्या.

बाळेश पेडलखाली उताणा झाला, टॉर्च दातात.
एवढंसं भोक होतं दांड्याला.
तिथे प्लास्टिकचं बोंडूक असतं म्हणे, हरभऱ्याएवढं,
पाय उचलला की ते जाऊन स्विच दाबतं,
मग गाडीला कळतं, पाय उचलला.
सोळा वर्षांत ते वाळून चुरा झालं होतं.
तो चुरा मी झाडून टाकला होता,
मॅटवरून, मागच्याच महिन्यात,
शेंगांची फोलं समजून.

म्हणजे महिनाभर गाडीच्या मते
कुणीतरी थांबायच्या विचारात होतं,
आणि असल्या माणसाच्या हाती
वेग कसा सोपवायचा?
चूक नव्हतं तिचं.

"पार्ट हुबळीहून यायला पाहिजे. आठ दिवस."
कुंड्या उद्या पोचवायच्या होत्या.
मी म्हटलं, मातीचं घडवून भाजून देऊ काय?
बाळेश पहिल्यांदा हसला.
दस्तगीर आत जाऊन म्हशीच्या इंजेक्शनची
रिकामी बाटली घेऊन आला. तिचं रबरी बूच
ब्लेडनं कातरलं, भोकात बसवलं,
चिकटवलं, फुंकर मारली,
आणि मागून, जरा उशिराच:
"आरेती!"
विझला.

ऐंशी रुपये आणि विरजणाचं एक मडकं.
मडकं त्यानं बोटानं वाजवून घेतलं,
फ्यूज उन्हात धरला होता तसंच.

देसूरच्या सरळ रस्त्यावर साठ झाले. सेट.
हिरवा दिवा.
पाय उचलला तर काटा हलेना,
आणि उचललेला पाय कुठे ठेवायचा ते सुचेना.
थोडा वेळ हवेत, मग कडेला,
परत सवयीनं ब्रेकवर.
हिरवा गेला.
पुन्हा लावला.

उद्या पहाटे निलजकर मागे असेल.
घाट चढताना त्याला पुढे अंधारच दिसेल.
आपटला नाही म्हणजे मिळवलं.