खाणारा झोपला आहे

दुकानातली डबी साडेतीन युरोला.
त्यात निम्मे मेलेले, उरलेल्यांतले निम्मे लंगडे.
म्हणून मी घरीच सुरू केलं, गेल्या मार्चात,
केम्निट्झच्या या नवव्या मजल्यावर,
न्हाणीघराशेजारच्या कोनाड्यात.

प्लास्टिकचा खोका. झाकणाला जाळी, तीही तारेचीच हवी,
नायलॉनची ते कुरतडतात.
हे मला कळलं ते पलंगाखाली, चादरीत, बुटात.
अंड्यांचे पुठ्ठे उभे रचलेले, गाजराच्या चकत्या,
आणि पाण्याऐवजी ओला कापूस,
कारण बशीभर पाण्यातही रातकिडे बुडतात.

लोण्याच्या रिकाम्या डब्यात ओली माती ठेवली
की माद्या येतात,
शेपटाकडची सुई खुपसतात, उपसतात,
बोटभर सरकून पुन्हा खुपसतात.
तीस वर्षं मी पडद्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होते.
टाका ओळखू येतो.
अकरा दिवसांनी माती हलल्यासारखी वाटते,
बघावं तर तिळाएवढे, आणि तिळालाच मिशा.

आमच्याकडे यांना हाइमशेन म्हणतात,
घरुल्या म्हणावं तसं.
खोक्यात तीस अंश.
माझ्या स्वयंपाकघरात अठरा, आणि वर स्वेटर.

कासिमिर आला तेव्हा यान्निक बारा वर्षांचा होता.
दाढीवाला सरडा, हनुवटी काळी करून रागावायचा,
मुलगाही तेव्हा तसाच.
आता यान्निक रॉस्टॉकला जहाजांचे पत्रे जोडतो.
रविवारी फोन करतो, पहिला प्रश्न ठरलेला:
खाल्लं का त्याने?

नोव्हेंबरात त्याने खाणं सोडलं.
समोर चिमटा धरला, तर
न आवडत्या पाहुण्याकडे बघावं तसं बघून
सालीखाली शिरला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपू द्या.
दर आठवड्याला वजन करा, दिवा कमी करा,
जानेवारीत उठेल, नाहीतर फेब्रुवारीत.

पण हे रातकिड्यांना कोणी सांगावं?
ते कात टाकत राहिले. मोठे होत राहिले.
नर पंखावर पंख घासत राहिले,
माद्या टाके घालत राहिल्या,
आणि माती दर अकरा दिवसांनी हलत राहिली.
एका खोक्याचे तीन खोके झाले.
गाजरं मी आता पिशवीनं आणते.
दुकानातली पोरगी म्हणाली, ससे पाळता का?
मी हो म्हटलं. सोपं पडलं.

खालच्या मजल्यावरच्या लीबशरबाईंची चिठ्ठी:
दहानंतर संगीत नको.

उपाय माहीत आहे. फ्रीजरमध्ये एक रात्र,
झोप लागावी तसे जातात, दुखत नाही म्हणतात.
(म्हणणारा कधी फ्रीजरमध्ये बसला नव्हता.)
एकदा खोका उचलून दारापर्यंत नेला.
वर एक नुकताच कात टाकलेला होता,
पांढरा, दुधावरच्या सायीसारखा,
आणि शेजारचे त्याला खायला टपलेले.
मी त्याला चमच्याने उचलून वेगळ्या बाटलीत ठेवलं.
मग ओट्यावर बसून राहिले. काय करतेय मी?
ज्याच्यासाठी पोसायचे तो झोपलेला,
आणि जे खाल्ले जायचे त्यांच्यासाठी
मी बटाटा उकडतेय, बिनमिठाचा.

त्या रात्री तो बाटलीतला
उजाडेपर्यंत कडक झाला, तपकिरी झाला,
इतरांसारखाच.
परत टाकला. आता कुठला तो, सांगता येणार नाही.

सतरा फेब्रुवारी. सालीखालून आधी एक डोळा,
मग दिव्याकडे सगळं अंग, धूळ लागलेलं.
पाणी प्याला. दोन दिवसांनी
मी झाकण उघडलं, आणि तिन्ही खोके एकदम गप्प.
ही शांतता मला कधी आवडली नाही.
सात उचलले, मोठे बघून.
कॅल्शियमच्या भुकटीत घोळवले, पांढरे केले.

यान्निकला सांगितलं, सात.
तो इतका खूश झाला की दुसरं काही विचारायचं विसरला.

चुलीमागे एक आहे, पळालेला.
रात्री साडेदहाला सुरू होतो.
त्याला मी मोजत नाही.
पण काल ओट्याच्या कडेला
गाजराचं एक साल राहू दिलं.