अडतीस किलो शांतता

खोकं आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
म्हणजे नोव्हेंबरात आमच्या ओउलूला रात्रच.
पायरीवर ते टेकवत पोरगा म्हणाला,
"अडतीस किलो. आत काय, ऐरण?"
"शांतता," तौनो म्हणाला,
आणि हसला नाही.

बोटीचं इंजिन विकून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर.
त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या चिलखतातला.
वायर इतकी जाड की बागेतल्या नळीने लाजावं,
आणि तिलाही म्हणे दिशा असते,
उलटी जोडली तर व्हायोलिनं रुसतात.
स्पीकरखाली पितळी काटे,
काट्यांखाली जुनी, बाद झालेली मार्काची नाणी.
(एवढाच काय तो काटकसरीचा भाग.)
ऐकायच्या खुर्चीची जागा त्याने टेपने आखून ठेवली आहे.
झाडताना मी ती बोटभर सरकवते.
अकरा वर्षं झाली. अजून कळलेलं नाही.

एकतीस वर्षं हा कागदाच्या गिरणीत होता,
तीन नंबरच्या मशीनपाशी.
तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे.
लग्नाला मी हो म्हटलं,
ते त्याने पाहिलं. ऐकलं नाही.

"आता ऐक," तो म्हणाला,
"डावीकडे, मागे, बासवाला खुर्ची सरकवतो."
ऐकलं. करकरली.
साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा माणसाची खुर्ची
ऐकण्यासाठी आम्ही या उन्हाळ्यात
मासे बाजारातून आणणार होतो.

शनिवारी नात आली. नऊ वर्षांची.
नाव हिलिया, म्हणजे शांत;
नाव ठेवताना कुणाला काय माहीत.
मी दालचिनीचे पाव केले होते.
आमच्या भाषेत त्या पावाला
'कानफटीत' म्हणतात, तसाच आकार असतो.
एक खात, एक हातात घेऊन
ती त्या काळ्या पेटीसमोर थांबली.
"उक्की, हे शिट्टी वाजवतंय."

"गाणं अजून लावलंच नाही, बाळा."
"गाणं नाही. बारीक. डासासारखं."

त्याने कान लावला. गाल लावला.
स्टेथोस्कोपसारखा चमचासुद्धा लावला.
मग तिचे डोळे रुमालाने बांधले,
कोट घालून मीटरपेटीपाशी गेला
आणि बटण चालू, बंद, चालू, चालू, बंद.
आतून ती ओरडत होती:
आहे. नाही. आहे. आहे. नाही.
वीसपैकी वीस.
बाहेर उणे चौदा होतं. तो बराच वेळ आत आला नाही.

कंपनीचं उत्तर आलं: सर्व मोजमापं योग्य आहेत.
याने हिलियाने काढलेलं चित्र पाठवलं:
पेटी, आणि तिच्यातून निघालेली एक सरळ रेघ,
रेघेच्या टोकाला पाय असलेला डास.
तीन आठवड्यांनी नवा भाग आला, चिठ्ठी नव्हती.
त्याने तो बसवला. मुलगी म्हणाली, "गेलं."
तौनोने मान डोलावली,
अगदी जाणकारासारखी.

त्याच वायरींच्या खणात, मागे,
दवाखान्यातून फुकट मिळालेलं कानाचं यंत्र आहे.
चौदाशे युरोच्या केबलखाली.
एकदा त्याने ते घातलं होतं, पाऊण तास.
फ्रिज, घड्याळ, माझं चघळणं,
"किती गोंगाट आहे घरात!" म्हणाला,
आणि कानाला खडा लावला.

आता खुर्चीशेजारी एक स्टूल असतं.
त्यालाही टेपची चौकट.
शनिवारी ती बसते, पाय हलवत, आणि सांगते:
आता कुणीतरी पान उलटलं.
आता कुणीतरी नाक ओढलं.
तो डोळे मिटून "हो, हो" म्हणतो.

मी दारातून विचारते, कॉफी?
दोघंही बोट ओठांवर ठेवतात.
तिने मला ऐकलं म्हणून.
त्याने तिचं बोट पाहिलं म्हणून.

काल झाडताना
मी स्टूल सरकवलं नाही.