वळचणीचं पाणी

आढ्याचं पाणी वळचणीला जातं,
एवढं मला ठाऊक होतं.
उलटं फक्त म्हणीत जातं, असं वाटायचं.
मग डुलूथमधल्या आमच्या तिसऱ्या जानेवारीत
जेवणघराच्या छतावर चहाच्या डागासारखा
एक नकाशा उमटला
आणि रात्री दोनला पातेल्यात वाजू लागला:
टप्.
बराच वेळ काही नाही.
टप्.
बाहेर उणे पंधरा. पाऊस कुठला?

डेल आला शिडी घेऊन, दाढीत बर्फाचे मणी.
वर चढलाच नाही.
रस्त्यापलीकडे उभा राहून छपराकडे बघत राहिला,
वैद्य जीभ बघतो तसा.
म्हणाला, तुमचं घर फार उबदार आहे.
मी म्हटलं, थँक यू.
तो म्हणाला, ही तक्रार आहे.

खालची ऊब दिव्यांच्या भोकांतून,
नळाच्या कडेनं, माळ्याच्या झाकणाच्या फटीतून
वर जाते. छपरावरचं बर्फ तळातून वितळतं,
वरून पांढरंच दिसतं.
पाणी उताराला लागतं, शहाण्यासारखं,
वळचणीपाशी पोचतं,
आणि तिथं खाली घर नसतं, नुसती हवा.
थिजतं.
त्याच्यावर मागचं थिजतं. पन्हळीवर बांध चढतो.
मग उरलेलं पाणी तुंबतं, मागं वळतं,
शिंगलांच्या खालून
आढ्याच्या दिशेनं चढू लागतं.
म्हणजे आमच्याच फोडण्या,
ऋजुताची अर्ध्या तासाची अंघोळ,
आमचे चढलेले आवाजसुद्धा असतील,
वर जाऊन पाणी होऊन परत आले होते.

मी हातोडी शोधत होतो.
डेल म्हणाला, बर्फाआधी छप्पर फुटेल.
त्यानं विभावरीचे जुने लांब मोजे मागितले,
त्यांत क्षाराचे खडे भरले,
आणि बांधावर आडवे टाकले, टोकं पन्हळीबाहेर.
आठवडाभर आमच्या छपरावरून
सहा पाय लोंबत होते.
पोस्टमननं टोपी काढली.
हळूहळू प्रत्येक पायाखाली एकेक वाट झाली,
पाणी सुटलं.

हे मलमपट्टीचं काम, डेल म्हणाला.
खरं काम माळ्यावर. ऑक्टोबरात.

ऑक्टोबरात मी कपाळावर दिवा बांधून
माळ्यात पालथा सरपटलो,
एका हातात फोमचा डबा.
खाली विभावरी मुद्दाम कांदा भाजत होती.
इथून येतोय! मी ओरडायचो, आणि बुजवायचो.
इथूनही!
न्हाणीघराचा पंखा तर वर्षानुवर्षं
छपराबाहेर नव्हे, माळ्यातच श्वास सोडत होता.
संध्याकाळी कांदा घरातच राहिला.
दोन दिवस.

समोर आयलीचं घर.
तिच्या छपरावर दर हिवाळ्यात
घडी न मोडलेल्या चादरीसारखं बर्फ,
वळचणीला एक सळई नाही.
मी तिला एकदा विचारलं, इन्सुलेशन कुणाकडून केलंत?
ती हसली. म्हणाली, आर्वो गेल्यापासून
वरच्या खोल्या बंदच आहेत.
थर्मोस्टॅट बावन्नवर, नळ गोठू नयेत इतकाच.
मी स्वयंपाकघरात झोपते.
त्यानंतर मी ते छप्पर
कौतुकानं बघायचं सोडलं.

या वर्षी आमच्याही छपरावर पांढरं टिकलंय.
नकाशावर रंग दिलाय, तरी उन्हात
त्याचा किनारा दिसतो.
आणि काल फावड्यानं वाट काढताना वर पाहिलं:
आयलीच्या वरच्या खिडकीत दिवा,
छपरावर त्या खोलीएवढं काळं भगदाड,
आणि वळचणीला लोंबणारी हातभर सळई.
नातू आलाय कॉलेजसाठी,
शॉवरखालून बाहेरच येत नाही,
हे तिनं मला दोनदा सांगितलं.

फोमचा अर्धा डबा उरलाय माझ्याकडे.
मोजेही आहेत.
शनिवारी जायला हवं तिच्याकडे.
या नको.
पुढच्या.