डावा मागे

हडर्सफील्डला, बंद गिरणीतल्या बॉक्सिंग क्लबात
कॉलिन मुलाच्या शाळेच्या मोज्यात तांदूळ भरून
तो छताला टांगतो,
झोका देतो.
"पळू नकोस. कानाजवळून जाऊ दे."
मी मागे सरते. टप्प, कपाळावर.
पुन्हा.

"उजवा पाय समोरच्याच्या पायाबाहेर.
गुडघ्यातून वळ, मानेतून नाही.
आणि डावा मागेच ठेव."

हे शेवटचं ओळखीचं.
मिरजेला, प्रसादाच्या रांगेत
आई हेच म्हणायची, ओठ न हलवता,
आणि मी तो ओढणीत लपवायचे.

मोजा येतो.
उजवीकडे जराशी कलते:
कानाला वारा, तांदळाचा वास.
डावा हनुवटीशी, अजून मागेच,
पण मूठ आवळलेली.

कॉलिन ओरडतो,
"आता कुणासाठी थांबलीस?"