वासापुरती

मामांनी जन्मात एक थेंब घेतला नाही.
एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत
मळीच्या टाक्यांवर वाकून,
तळहातावर स्पिरिट चोळून
नाकानंच सांगायचे: चौऱ्याण्णव पूर्णांक सहा.
मग यंत्र लावायचे.
यंत्र बहुधा बरोबर निघायचं.

मी निघालो तेव्हा म्हणाले,
तिकडं मक्याची करतात म्हणे,
आतून जाळलेल्या पिंपात निजवतात.
प्यायला नको रे.
वासापुरती आण.

म्हणून केंटकीत, बार्ड्सटाउनला,
हॉस्पिटलातलं काम उरकून
पेट्रोल पंपामागच्या दुकानात उभा राहिलो.
दारातली झाडं काळी ठिक्कर,
चुलीमागच्या भिंतीगत.
आग लागली होती का, विचारलं.

व्हर्लीन टॅकेट, सत्तरीची, चष्मा दोरीला टांगलेला.
आग कुठली, म्हणाली. गोदामं आहेत ना पलीकडं.
पिंपातून दर वर्षी थोडी उडून जाते,
तिच्यावर ही बुरशी जगते.
देवदूतांचा वाटा म्हणतात लोक.
आमच्या रॉस्कोच्या थडग्यावरही चढलीय,
दर ईस्टरला घासते मी.
जन्मभर प्यायला,
अजून पोचतेच आहे त्याला.

चांगली कुठली?
कुणासाठी हवीय?
न पिणाऱ्यासाठी.
ती हसली नाही. विचारात पडली.
मग गल्ल्याखालून काढली एक,
खोकं नाही, सोनेरी अक्षर नाही,
चिकटपट्टीवर पेनानं पिंपाचा नंबर.
ही विमानतळावर जात नाही, म्हणाली.
तिथं खोकी जातात.

शिकागोच्या वाटेवर, लाफायेटच्या अलीकडं,
डुकरांनी भरलेला ट्रक अचानक थांबला.
मीही थांबलो.
मागं डिकीत काहीतरी थांबलं नाही.

भाड्याची गाडी परत देताना उघडून पाहिलं:
मान तुटलेली, बुडाशी घोटभर,
त्यात काचांचा चुरा,
आणि निळ्या चौकडीचा माझा शर्ट
सगळं पिऊन तर्र.

फुटपाथच्या कडेवर बसून
पहिल्यांदाच नीट वास घेतला.
लाकडाची वखार, पावसानं भिजलेली.
निखाऱ्यावर विसरलेलं कणीस.
आणि खाली कुठंतरी, शपथेवर सांगतो,
गुळाच्या काहिलीच्या काठाला
करपून धरलेली ती तांबडी कड.

तपासणीच्या बाईनं झिपची पिशवी उचलली.
द्रव आहे?
नाही, शर्ट आहे.
तिनं उघडली, नाक आत घातलं,
आणि मागची अख्खी रांग
तिच्या मिटलेल्या डोळ्यांसाठी थांबली.

ड्यूटी फ्रीत बाटल्याच बाटल्या,
लिटर-लिटरच्या, दिव्यांखाली, लग्नातल्या नवऱ्यांसारख्या.
टाय लावलेला पोरगा स्कॉचकडंच ओढत होता.
बर्बन? ह्या तीन, म्हणाला. दोन घेतल्या तर स्वस्त.
शेजारी अत्तरवाली कागदाच्या पट्ट्या वाटत होती,
घ्या, हुंगा, पुढं व्हा.
इकडं हुंगायला काहीच नाही,
बुचं सगळी सीलबंद.
एक उचललीही मी, लाजेखातर.
दोन्ही हातांनी धरली, आणि जाग्यावर ठेवली.

गेटवर फोन लावला. तिकडं सकाळचा चहा चालला असावा,
कपबशी वाजली.
मिळाली का?
मिळाली.
किती टक्के?
पिशवीतून कॉलर दिसत होती, कॉलरवरची पट्टी.
शंभर टक्के, म्हटलं. सुती.

पलीकडं कपबशीही वाजेना.
त्यांना काय काय कळलं, ते मला अजून कळलेलं नाही.
मग खोकल्यासारखं काहीतरी,
आणि प्रयोगशाळेतला जुना आवाज:
गाठ घट्ट मार,
उडून जाईल.