सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ

बाबा अंतर किटलीत मोजायचे.
धक्क्यापर्यंत अर्धी किटली,
सेवेरिनोच्या गिरणीपर्यंत एक,
चर्चपर्यंत दीड, कारण वाटेत चढ.
मातेचा कडू पाला घोट घोट पीत
माणूस जेवढा वेळ बोलेल तेवढा रस्ता.
चिलोए बेटावर तेवढं पुरतं.

एलिसेओ गायींच्या धारा काढायला न्यूझीलंडला गेला
तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, किती रे लांब?
ऑकलंड ते सांतियागो, तो म्हणाला,
नऊ हजार सहाशे किलोमीटर आणि वर थोडे.
अकरा तास. मध्ये जमीन नाही.
किटल्यांत सांग, बाबा म्हणाले.
पलीकडे नुसता दूध खेचणाऱ्या यंत्राचा आवाज.

मे महिन्यात, शुक्रवारी रात्री, मी त्याला म्हटलं, ये.

रविवारी सकाळी दहा वाजता बाबा गेले.
दुपारी एकला तो सांतियागोला उतरला,
मग दुसरं विमान, बस, फेरी.
रात्री अकराला दारात उभा,
बुटांना अजून तिकडचं शेण.

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या.
त्याचा कोट धुवायला काढला
तर खिशातून बोर्डिंग पास पडला.
रेमिहिओ काकांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला:
रविवार. सायंकाळी सहा.
मग बोटं मोडत हिशेब केला.
बाउदिलिओ गेला सकाळी दहाला,
आणि तू निघालास संध्याकाळी?

स्वयंपाकघरात कुणी चमचासुद्धा हलवला नाही.
मला वाटलं आता तो सांगेल,
तिकडचं घड्याळ सोळा तास पुढे असतं,
समुद्रात एक रेघ आहे,
ती ओलांडली की तोच रविवार परत मिळतो.
त्यानं चुलीत लाकूड सारलं.
हो काका, म्हणाला, उशीरच झाला.

मे पुन्हा आला.
एलिसेओ पुन्हा तिकडे, त्याच गोठ्यात.
रात्री दोनला मी उठले
(आमच्या दोनला त्याचं विमान सुटलं होतं),
चूल पेटवली, किटली ठेवली.
एक किटली म्हणजे अर्धा तास,
समोर रेमिहिओ काका नसतील तर.
एकटीच पीत बसले, पाला बदलत, मोजत.
सातव्या किटलीला कुत्रं भुंकून गप्प झालं.
बाराव्याला उजाडलं, म्हणजे धुकं करडं झालं.
मध्येच एलिसेओचा फोन आला.
म्हटलं, बोलू नकोस, मोजतेय.
काय मोजतेस, ओतिलिया?
ठेवून दिला.

सोळावी संपली तेव्हा दहा वाजले.
इथे होता तो. सहा किटल्या अलीकडे.
खाली पाणी, वर ऊन,
पुढ्यात बहुधा कागदी पेल्यातला पांचट चहा.

पोटात कडवटपणा डुचमळत होता,
तरी सतरावी भरली.
एक वाजता पालथी करून ठेवली.

बावीस, बाबा.
आणि त्यात फेरी धरलेली नाही.